रस्ता, गल्ली, उंबरा

मी आयुष्यात एकाच माणसावर मनापासून जळले, आणि तो माणूस बारावी नापास होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल काही वाकडं लिहिलं गेलं तर ते कुठून आलं हे कळेल, आणि चांगलं लिहिलं गेलं तर ते मला किती जड गेलं तेही कळेल.

सोलापुरात वीज कंपनीच्या कार्यालयात मी अभियंता आहे. कुठल्या गावाला किती वीज गेली, कुठल्या मीटरनं किती घेतली, हे सगळे आकडे ज्या कक्षात येऊन पडतात तो कक्ष माझ्याकडे. चार संगणक, भिंतीवर दोन मोठे पडदे, एसी, दारावर माझ्या नावाची पाटी. आणि ते होते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात यंत्रचालक. आधी घरोघर मीटर वाचायचे, मग खांबावर चढायचे, गुडघे कुरकुरायला लागल्यावर कंपनीनं त्यांना उपकेंद्रात बसवलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. तर जिल्ह्यात कुणालाही विजेचा आकडा हवा असला, की तो माझा जिना चढायचा नाही, सरळ मामांचं उपकेंद्र गाठायचा. कॉलेजची पोरं, यंत्रमागवाले, सौरपंप बसवणारे, एकदा तर डोळ्यांचे एक डॉक्टर. माझ्याकडे कोण यायचं? एसी दुरुस्त करणारा.

बरं, तिथं गेल्यावर काही पायघड्या नव्हत्या. कडुनिंबाखाली एक लोखंडी बाकडं आणि मामांचा ठरलेला पहिला प्रश्न, "कशाला पायजे?" नमस्कार नाही, या-बसा नाही. अक्कलकोटकडचा कुणी कानडी बोलणारा आला तर "याक बेकु?" माग चालवणारे तेलुगू शेठ आले तर "एंदुकु?" दखनी बोलणारा आला तर "कायकू होना?" चार भाषांत एकच प्रश्न, आणि चारही भाषांत तेवढाच उर्मटपणा. फोन उचलला तरी हॅलोच्या जागी हेच.

आमचे मोठे साहेब नवीन आले तेव्हा तपासणीला त्या उपकेंद्रात गेले होते. बरोबर मी होते. साहेबांनी सहज विचारलं, "काल सर्वात जास्त भार किती वाजता होता?" मामांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "कशाला पायजे साहेब?" खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. वाटलं, आज ह्यांची वाट लागली. साहेब हसत सुटले आणि चांगली पाच मिनिटं उभं राहून कशाला पाहिजे ते समजावून सांगितलं! मामांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं, मगच आकडा दिला. असं मी बोलले असते तर? मेमो. दुसरं काय.

त्या वहीला ते इचारपूस वही म्हणायचे. लांबट, पुठ्ठ्याची. कोण आला, काय मागितलं, कशाला मागितलं, आणखी कुणाला दाखवणार, आणि शेवटचा रकाना कोरा. तो रकाना मामा स्वतः भरायचे, गुरुवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, घरी बसून एकेकाला फोन लावून. "दोन म्हयन्यापूर्वी आकडा नेलावता. काय केलं त्येचं?" ज्यानं काहीच केलं नसेल त्याला पुढच्या खेपेला बाकड्यावर ताटकळत ठेवायचे. लोकांना राग यायला हवा होता की नाही? लोक उलट खूश! एका मागवाल्या शेठनं त्यांच्याकडून जाणून घेतलं की आपल्या भागात विजेचा दाब कुठल्या वेळी पडतो, आणि मागांची पाळीच बदलली. महिन्यानं मिठाई घेऊन आला. मी सहा महिने खपून त्याच विषयावर अहवाल केला होता. तो अहवाल कुणी उघडलासुद्धा नाही.

आणखी एक खोड. भाराच्या रेषेवरून गावात काय चाललंय ते सांगायचे. "आज वळसंगला लगीन हाय," म्हणायचे. का, तर पहाटेपासून गिरणी चालू आहे आणि दुपारी गिरणी एकदम बंद, म्हणजे सगळे पंगतीला गेले. मी गुपचूप फोन करून खात्री केली. लग्न होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण तीच रेषा माझ्याही पडद्यावर होती आणि मला ती नुसती रेषाच दिसत होती.

पण जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती बाळबोध वाटली होती. विद्यापीठातली एक मुलगी माहिती मागायला आली होती. मामा तिला सांगत होते, "हे बघ पोरी. वीज तीन ठिकानी मोजत्यात. गावाला जाती ती मोठी लाइन, म्हंजे रस्ता. रस्ता सगळ्यांचा. किती गाड्या गेल्या कुनीबी इचारावं, मी सांगतो. डीपीवरनं, म्हंजे छोट्या ट्रान्सफॉर्मरवरनं, पंचवीस-तीस घरांना जाती, ती गल्ली. गल्लीत शिरताना कोन, कुनाकडं, एवडं इचारावं लागतं. आन् घरातलं मीटर म्हंजे उंबरा. तितं घरवाल्यानं या म्हटल्याबिगर पाय टाकायचा न्हाय. मीबी न्हाय, तुमीबी न्हाय." मुलगी मान डोलवत होती. मी मनात म्हटलं, चला, आता कीर्तनच बाकी राहिलं.

तो उंबरा मलाच आडवा आला. भाचीसाठी स्थळं बघत होतो. वळसंगचं स्थळ, मुलगा चांगला, तीन मोटारी चालतात, बारमाही बागायत, असं मध्यस्थ सांगत होता. बहीण म्हणाली, "तू विजेत आहेस, बघ ना खरंच तीन मोटारी चालतात का." मी मामांना फोन केला. "कशाला पायजे?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. "मंग तुमच्या पडद्यावर हाय की," म्हणाले, आणि फोन ठेवला! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी माझ्याच पडद्यावर बघितलं. एकच मोटार चालत होती. बहिणीला कळवलं, स्थळ मोडलं. नंतर मोठ्या तोऱ्यात मामांना ऐकवलं तर ते म्हणाले, "एक मोटार भावाच्या वाटनीत गेली, एक हीर आटली. पोराच्या बापाला इचारलं असतं तर त्येनंच सांगितलं असतं. लई सरळ मानूस हाय त्यो." त्या मुलाचा संसार आता छान चालला आहे. भाची अजून मला त्यावरून टोमणे मारते.

मग आली सुनावणी. विजेचे नियम ठरवणारा आयोग नवे नियम करणार होता. विजेच्या जाळ्याची माहिती बाहेरच्यांना द्यायची का, दिली तर कुणाला, किती आणि कुठल्या अटीवर. काहीच दिलं नाही तर सौरवाल्यांना कळत नाही कुठल्या लाइनवर जागा आहे, कारखानदाराला कळत नाही, अभ्यास करणाऱ्याला कळत नाही. सगळंच दिलं तर घरं उघडी पडतात. त्या खेपेला सुनावणी सोलापुरातच होती आणि आमच्या कार्यालयातून एकाच माणसानं बोलायचं होतं.

तो माणूस मीच असायला हवा होता. सोळा वर्षं मी टिपणं लिहिली आणि ती प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी व्यासपीठावर वाचली. खाली बसून मी माझीच वाक्यं ऐकायची आणि टाळ्या वाजवायच्या. एकदा, फक्त एकदा, माझ्या नावानं माझं म्हणणं नोंदलं जावं, एवढंच मला हवं होतं. आणि साहेब काय म्हणाले? "मॅडम, तुम्ही किंवा मामा. त्यांची ती वहीच दाखवू या का आयोगाला?" यंत्रचालक! पुठ्ठ्याची वही! मी हसून "बघू या ना सर" म्हटलं आणि कक्षात येऊन दार आपटलं.

त्याच आठवड्यात एक सौर कंपनी मामांकडे जाऊन हात हलवत परत आली होती. त्यांना सांगोल्याकडच्या वस्त्यांची घरनिहाय माहिती हवी होती. मामांनी विचारलं, कशाला पायजे. त्यांचा माणूस म्हणाला, बिझनेस डेव्हलपमेंट. "म्हंजे काय करनार?" ह्यावर त्याला काही सांगता येईना, तेव्हा मामांनी तिकडच्या उपकेंद्रातून विचारून त्याला नुसता रस्त्याचा आकडा दिला आणि वाटेला लावलं. मला हे कळलं आणि मी त्या कंपनीला आपण होऊन फोन केला. साहेबांना म्हटलं, हे काम मी करून दाखवते, मग ठरवा कोण बोलणार ते. दोन दिवसांत मी वस्तीवार, मीटरवार, अर्ध्या-अर्ध्या तासाची फाइल तयार केली. नावं काढली, ग्राहक क्रमांक काढले. तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक वेचून काढलं. कंपनीचं आभाराचं पत्र आलं, ते मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तुम्हीच बोला." मामांनी नाही म्हटलेलं गिऱ्हाईक माझ्याकडून खूश होऊन गेलं होतं. त्या दिवशी मी येताना घरच्यांसाठी जिलबी घेतली.

सुनावणीला आठ दिवस राहिले असताना गुरुवारी मामा माझ्या कक्षाच्या दारात उभे. ह्यापूर्वी कधी आले नव्हते. चपला बाहेर काढून आत आले, मी बसा म्हटलं तरी उभेच.

"मॅडम, त्या सौरवाल्यांला काय दिलंत?"

"का?" मी म्हटलं. मनात म्हटलं, लागलं ह्यांच्या पोटात दुखायला.

"सांगोल्याच्या अंगाला माज्या भैनीची वस्ती हाय. सात घरं, एक डीपी. दिवाळी झाली की समदी मेंढरं घिऊन कोकनाच्या अंगाला जात्यात, ती पावसाच्या तोंडाला येत्यात. ही पाय मोडल्यापास्नं जात न्हाय. एकटीच असती. परवा दुपारी एक पोरगं आलं गाडीवरनं. चांगलं होतं बिचारं. म्हनलं, आजी, हितली सा घरं बंद असत्यात आन् तुमी एकट्याच असता, व्हय ना? मंग छपरावरल्या सोलारचं तुमच्याशीच बोलू का? हिनं त्येला पानी दिलं. त्यो गेल्यावर मला फोन केला. म्हनली, दादा, मी एकटी हाय हे त्येला कुनी सांगितलं?"

मी खुर्ची पडद्याकडे वळवली.

"आता दिवसाढवळ्या दाराला आतनं मुसळ लावून बसती."

"मी एकाही घराचं नाव दिलेलं नाही मामा. क्रमांकसुद्धा नाही. पाहिजे तर दाखवते."

"दाखवा की."

मी फाइल उघडली. त्या डीपीच्या सात रेषा पडद्यावर आल्या. सहा रेषा दिवाळीनंतर जमिनीला टेकल्या होत्या. सातवी पहाटे जराशी वर यायची, संध्याकाळी जराशी. मामांनी तिच्यावर बोट ठेवलं. "ही माजी भैन. पाटेचं चुलीपाशी बल्ब लावती. हे सांजचं, हा टीव्ही. नाव न घालता तिचा फोटूच दिलाय की तुमी." मग हळूच म्हणाले, "तीस घरांची असती तर ती गल्ली. सात घरांची गल्ली नसती मॅडम. तो उंबराच झाला."

आता इथं मी लाजेनं मान खाली घातली असं लिहायला हवं. लाज वाटली, पण नंतर. पहिल्यांदा जे उसळून आलं तो निव्वळ जळफळाट होता. हे मला का दिसलं नाही? पदवी माझी, पडदा माझा, फाइल माझी, आणि दिसलं ह्यांना! म्हातारीची भीती माझ्या मनात शिरली ती त्याच्या मागून.

"साहेबांना सांगणार?" मी विचारलं. हे साहेबांना कळलं असतं तर सुनावणीत बोलायची माझी संधी गेली होती, आणि ती मामांनाच मिळाली असती.

"मी कशाला सांगू? तेवडी फाइल परत मागवा. भैनीकडं मी जाऊन येतो." चहासुद्धा घेतला नाही. भांडले असते, आवाज चढवला असता, तर मला केवढं बरं वाटलं असतं!

मी कंपनीला लगेच फोन केला. त्यांचा माणूस चिडला, मी त्याच्याहून चिडले. फाइल पुसून टाकली असं लेखी घेतलं तेव्हाच उठले. साहेबांना मात्र चकार शब्द सांगितला नाही. मग आठ दिवस बसून माझं भाषण पाडलं आणि नवीन उभं केलं. पहिला स्तर सर्वांना खुला, दुसरा स्तर मागणाऱ्यानं ओळख आणि कारण नोंदवल्यावर, तिसरा स्तर ग्राहकाच्या संमतीनंच. आणि घरं थोडी असतील तर दुसऱ्या स्तराला तिसऱ्याचाच नियम. ओळखलंत ना कुणाचं आहे ते? मलाही ओळखू येत होतं. प्रत्येक ओळ टाइप करताना येत होतं.

सुनावणीत मी बोलायला उभी राहिले. स्तर एक, स्तर दोन म्हणता म्हणता समोरच्यांचे डोळे जड व्हायला लागले. एक सदस्य घड्याळ बघत होते. सोळा वर्षांनी मिळालेली संधी माझ्या डोळ्यांदेखत पेंगायला लागली होती. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे असं बघा. रस्ता, गल्ली आणि उंबरा." घड्याळ बघणारे सदस्य सरळ बसले. मग मी थांबलेच नाही. सात घरांची गोष्ट सांगितली, म्हातारी सांगितली, मुसळ सांगितलं. मात्र फाइल कुणी दिली ते सांगितलं नाही. साहेबांनी, बहुतेक ते आभाराचं पत्र आठवून, एकदा माझ्याकडे बघितलं आणि कागदात डोकं घातलं. कार्यालयाचं नाव होत होतं, ते कशाला बोलतील?

अध्यक्षबाईंनी विचारलं, "थोड्या घरांचा हा मुद्दा आमच्या मसुद्यात नाही. हे कसं सुचलं?"

"अनुभवातून."

"कुणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं ते. चूक माझीच होती ना.

नंतर लोकांपैकी कुणाला बोलायचंय का असं विचारलं, आणि शेवटच्या रांगेतून मामा उठले. रजा टाकून आले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पिशवी. आता सगळं बाहेर येणार, वहीसकट, असं वाटलं. मामा माइकपाशी आले आणि म्हणाले, "मॅडमनी सांगितलं ते समदं बराबर हाय. एक राहिलं. ज्येचा उंबरा हाय, त्येला कळवायचं की अमका मानूस तुमचं मीटर इचारत होता. संमती न दिली तरी कळवायचं. एकट्या मानसाला म्हाईत पायजे, दारापाशी कोन येऊन गेलं."

अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. "तुम्ही कुठं काम करता?"

"कंपनीतच, उपकेंद्रात."

"हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

मामांनी माझ्याकडे हात केला. "ह्या मॅडमनी."

बाहेर पायऱ्यांवर बसून ते कडक भाकरीचा तुकडा मोडत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला राग आला होता, आणि राग कशाचा ते सांगता येत नव्हतं.

"मामा, खोटं का बोललात?"

"कुटं खोटं? सात घरांचं मलाबी तुमच्या फाइलीवरनंच कळलं की." चटणीची पुडी सोडत म्हणाले, "मॅडम, माजं नाव सांगितलं असतं तर त्यांनी कवतुक केलं असतं, टाळ्या वाजवल्या असत्या. यंत्रचालक असून बघा कसा बोलतो. तुमचं होतं म्हनून त्यांनी लिवून घेतलं. टाळ्यांनी माज्या भैनीचं दार लागत न्हाय." मग भाकरी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही.

आयोगाचा आदेश निघाला. थोड्या घरांचा नियम त्यात आहे, कळवण्याचा नियमही आहे. मागे परिशिष्टात सूचना करणाऱ्यांची यादी आहे, तिथं माझं नाव आहे, हुद्द्यासकट. मी ते पान बघून आनंदले. किती वेळ आनंदले, ते विचारू नका. मला सोळा वर्षं जे हवं होतं ते त्या माणसाला भाकरीच्या तुकड्यासारखं दुसऱ्यापुढे करता आलं. ह्या गोष्टीवर जळायचं कसं, तेच मला समजेना. तरी जळले.

पुढे ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी मलाच बोलायला लावलं. मी प्रामाणिक म्हटलं, कष्टाळू म्हटलं, मनमिळाऊसुद्धा म्हटलं, जे ते मुळीच नव्हते. एकच वाक्य बोलायचं होतं, ते नियम ह्यांचे आहेत. ते जिभेवर आलं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते, त्यांना बहुतेक तेच ऐकायचं होतं. मी "धन्यवाद" म्हणून खाली बसले. पहिली टाळी मामांनी वाजवली. त्यांच्या बहिणीची पुतणी, त्याच वस्तीवरची, शेजारी बसली होती, तिला वाकून म्हणाले, "ह्याच त्या मॅडम."

ते वाक्य निदान कागदावर तरी लिहावं म्हणून आज बसले. लिहिलंही. पण आता वरपासून वाचून बघते आहे, तर सगळीकडे मामा, मामा आणि मामा. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, आडनावासकट. इथं मला कुणी अडवलेलं नाही, समोर आयोग नाही की साहेब नाहीत. तरी ते लिहवत नाही.